तगरीवरची शिंगवाली अळी

प्रश्न : कुंडीतल्या तगरीवर बोटाएवढी हिरवी अळी आहे, मागे शिंगही आहे. विषारी आहे का? मारू का?

उत्तर : मारू नका. ही डॅफ्निस नेरिआय या ससाणा पतंगाची अळी. शिंग टोचत नाही. डिवचलीत तर डोके आत ओढून दोन निळे ‘डोळे’ वटारेल. ते नुसते ठिपके! कण्हेरीची विषारी पानेही ती खुशाल फस्त करते.

तिचे खरे शत्रू म्हणजे इवल्या परजीवी गांधीलमाश्या. एरवी अंगात परके काही शिरले, की अळीच्या रक्तपेशी त्याला वेढून काळ्या मेलॅनिनच्या कवचात कोंडतात. पण अमेरिकेतल्या तंबाखूवरच्या ससाणा पतंगाच्या बाबतीत गांधीलमाशी अंड्यांबरोबर विषाणूही टोचते आणि तो या रक्तपेशींनाच लुळे करतो. काय बिलंदरपणा! पुढे अळीच्या पाठीवर तांदळासारखे पांढरे कोश दिसतात. आपल्याकडेही अशी अळी दिसली तर तशीच राहू द्या. त्या माश्या बागेच्या कामाच्या.

तुमची अळी धडधाकट असेल तर थोडी पाने जातील, तगर पुन्हा फुटेल. तपकिरी पडून ती खाली उतरली, की कुंडीतली माती व पालापाचोळा काही आठवडे उकरू नका. कोष तिथेच असतो.