हागार, सरोगसी आणि राज्यांच्या सीमा

(अभ्यासासाठी : उत्पत्ती, अध्याय १६ व २१)

आमच्याकडे आलेल्या एका पत्रावरून हा पाठ लिहावा लागत आहे. पत्र एका आईचे आहे. तिची मुलगी व जावई अमेरिकेत, लुइझियाना राज्यात राहतात. लग्नाला नऊ वर्षे झाली. आजारपणात मुलीची गर्भपिशवी काढावी लागली. बीज नवराबायकोचेच, परंतु गर्भ दुसऱ्या स्त्रीने वाढवायचा, असा मार्ग डॉक्टरांनी सांगितला. त्या राज्याचा २०१६ चा कायदा विवाहित पतिपत्नींना त्यांच्या स्वतःच्या बीजावर हे करू देतो, पण त्या स्त्रीला मोबदला देऊ देत नाही. बिनमोबदला नऊ महिने सोसणारी बहीण की मैत्रीण परमुलखात कोठून आणावी? म्हणून दुसऱ्या राज्यातील स्त्री पाहावी, असे त्यांना सुचविण्यात आले आहे. आई विचारते, हे कायद्याला चुकवून केल्यासारखे नाही का? आणि उद्या कोणी मूल परत मागितले तर?

प्रथम शब्दाविषयी. बोलताना आपल्यात सर्रास ‘भाडोत्री आई’ म्हणतात. आम्हांला तो शब्द आवडत नाही. घर भाड्याने देणारा घराबाहेर राहू शकतो. या स्त्रीला तसे करता येत नाही. या पाठात आम्ही सरोगसी व सरोगेट हे रूढ झालेले शब्दच वापरू.

आता शास्त्रपाठाकडे वळू. साराय हिला मूल नव्हते. तिने आपली मिसरी दासी हागार अब्रामाला दिली. हागारेला कोणी विचारले, असे त्या अध्यायात कोठेही नाही. ती गरोदर राहिली, घरात बेबनाव झाला, साराय तिला जाचू लागली, आणि ती पळाली. वाचकांनी एक गोष्ट टिपून ठेवावी : ती शूरच्या वाटेवरील झऱ्यापाशी सापडली, आणि शूर म्हणजे मिसर देशाची बाजू. पोटात दुसऱ्याने आपले म्हणून ठरविलेले मूल घेऊन ती स्वतःच्या मुलखाच्या सीमेकडे चालली होती. आजच्या प्रश्नाचा धागा आम्हांला तेथे दिसतो. मूल हवे असणारी माणसे सीमा ओलांडतात, तशी मूल वाहणारी स्त्रीही ओलांडते.

अमेरिकेत हा प्रश्न ऐरणीवर आणला तो ‘बेबी एम’ या नावाने गाजलेल्या खटल्याने. न्यू जर्सी राज्यातील एका स्त्रीने १९८५ साली दहा हजार डॉलरच्या बोलीवर एका जोडप्यासाठी मूल वाहण्याचा करार केला. त्या काळच्या रीतीप्रमाणे बीज तिचे स्वतःचेच होते, म्हणजे ती रक्तानेही आई होती. मार्च १९८६ मध्ये मुलगी जन्मली आणि तिचे मन फिरले. बाळाला घेऊन ती फ्लॉरिडा राज्यात निघून गेली व सुमारे तीन महिने तेथे लपून राहिली. शेवटी बाळाला परत आणण्यात आले. १९८८ च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने असा करार रद्दबातल ठरविला; पैसे देऊन मूल घेण्याचाच तो प्रकार आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. मात्र बाळाचे हित पाहून ताबा पित्याकडेच ठेवला आणि आईचे मातृत्व कायम करून तिला भेटीचा हक्क दिला.

या निवाड्याचे पडसाद दूरवर उमटले. मिशिगनने त्याच साली पैशाच्या करारास गुन्हा ठरविले. तो जुळवून देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकत असे. न्यूयॉर्कनेही थोड्याच वर्षांत दार लावले. कॅलिफोर्नियाने उलटी वाट धरली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली म्हटले की, बीज एकीचे आणि गर्भाशय दुसरीचे असेल तर मूल जन्माला घालून वाढविण्याचा हेतू जिचा, ती आई. इलिनॉय राज्याने २००५ पासून लेखी कायदाच केला. एकाच देशात, एकाच नाण्याच्या व्यवहारात, एका राज्यातील गुन्हा तो दुसऱ्या राज्यातील रीतसर करार, अशी स्थिती झाली. आणि मूल नसलेली जोडपी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ लागली.

हा प्रवास कसा होतो, हे पत्र लिहिणाऱ्या आईने समजून घ्यावे. जोडपे कोठे राहते याला महत्त्व आहेच, परंतु त्याहून अधिक महत्त्व बाळ कोठे जन्मते याला आहे. गर्भ एका राज्यातील दवाखान्यात तयार झाला, करार दुसऱ्या राज्यात झाला, तरी जन्माची नोंद होते ती प्रसूतीच्या जागी, आणि आईच्या रकान्यात कोणाचे नाव घालायचे हे तेथला कायदा सांगतो. म्हणून खरे पाहता जोडपे स्थळ निवडते ते सरोगेटच्या घराचे. करारात बहुधा अशीही अट असते की, शेवटच्या महिन्यांत तिने राज्याबाहेर जाऊ नये. आजीला भेटायला गेली आणि कळा सुरू झाल्या, तर सगळाच घोळ!

दुसरी गोष्ट कागदाची. नुसत्या जन्मदाखल्यावर विसंबू नये असे वकील सांगतात. दाखला ही नोंद आहे. नोंदीला दुसरे राज्य आव्हान देऊ शकते. न्यायालयाचा निवाडा मात्र अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे इतर राज्यांनी मानावा लागतो. म्हणून अनुकूल राज्यांत प्रसूतीपूर्वीच न्यायालयाकडून हुकूम घेतात की, जन्मणाऱ्या बाळाचे आईबाप अमुक आहेत. मूल मागितले तर काय, या आईच्या प्रश्नाचे उत्तर त्या हुकुमात आहे. त्याखेरीज खर्च : दवाखाना, विमा, दोन्ही बाजूंचे वकील व सरोगेटचा मोबदला मिळून तो एक लाख डॉलरच्या वर सहज जातो. ज्याला हे परवडत नाही, त्याने आपल्याच राज्याच्या कायद्याखाली राहावे, असा याचा अर्थ होतो. गरिबाला सीमा असते. श्रीमंताला ती ओलांडता येते.

जे ओलांडत नाहीत त्यांचे काय होते, तेही पाहिले पाहिजे. मिशिगनमधील एका स्त्रीला कर्करोगाने गाठले. बीज तिचे व पतीचे. दुसऱ्या एका बाईने एक पैही न घेता त्यांच्यासाठी जुळी मुले वाहिली. जानेवारी २०२१ मध्ये मुले वेळेआधी जन्मली. न्यायालयाने मातापित्यांचा अर्ज नाकारला आणि जन्मदाखल्यावर त्या बाईचे व तिच्या पतीचे नाव लागले, जरी त्या दोघांनाही ते नको होते. स्वतःच्याच रक्तामांसाची मुले या जोडप्याला दत्तक घ्यावी लागली. घराची तपासणी, बोटांचे ठसे, सगळे सोपस्कार झाले, आणि २०२२ च्या अखेरीस मुले कायद्याने त्यांची झाली. मिशिगनने २०२४ साली तो जुना कायदा बदलला. नवा २०२५ पासून अमलात आहे. न्यूयॉर्कने त्याआधीच, २०२१ मध्ये, दार उघडले होते.

इथवर वाचून वाटेल की कडक कायदा वाईट आणि सैल कायदा चांगला. आमचेही तसेच मत होत आले होते. परंतु त्याच मिशिगनची दुसरी हकीकत वाचली आणि आम्ही थबकलो.

कनेटिकट राज्यातील एका स्त्रीने बावीस हजार डॉलरच्या बोलीवर एका जोडप्यासाठी गर्भ धारण केला. २०१२ साली, पाचव्या महिन्यातील तपासणीत दिसले की बाळाचे ओठ व टाळू दुभंगलेले आहेत आणि हृदयात मोठे दोष आहेत. त्या जोडप्याची आधीची मुलेही अपुऱ्या दिवसांची होती. त्यांनी खूप सोसले होते. त्यांनी गर्भपात करावा म्हणून सांगितले, दहा हजार डॉलर देऊ केले. करारात तशी अट होती. ही बाई स्वतः गरजू होती. एका दुबळ्या क्षणी तिने पंधरा हजार मागितलेही, मग मन आवरले व नकार दिला. तेव्हा तिला कळविण्यात आले की, जन्मल्यावर बाळ कायद्याने जोडप्याचे होईल आणि ते त्याला सरकारी ताब्यात देतील. ती आपल्या दोन मुलींना घेऊन मिशिगनला गेली. का? तर जोडप्यांना जाचणारा तोच कायदा तिच्या उपयोगाचा होता : तेथे प्रसवणारी तीच आई. जूनमध्ये मुलगी जन्मली. तिला वाढविणे आपल्याच्याने होणार नाही हे जाणून तिने ती एका कुटुंबाला दत्तक दिली, ज्यांनी आधीच अशा मुलांना घरात घेतले होते. ती मुलगी अनेक शस्त्रक्रियांतून गेली आणि आठ वर्षे जगली.

या बाईला पुष्कळांनी दोष दिला. तिने करार मोडला हे खरेच. परंतु शूरची वाट येथे पुन्हा दिसते, आणि अध्याय २१ मध्ये बैर-शेबाच्या रानात हागार व इश्माएल यांच्याजवळचे पाणी संपते तो प्रसंगही. करारात सर्व काही लिहिलेले असते, फक्त पाणी संपल्यावर ते कोणी आणायचे, हे पुष्कळदा एकाच बाजूने लिहिलेले असते. न्यूयॉर्कच्या नव्या कायद्याने या जागी बोट ठेवले आहे. तेथे सरोगेटला तिच्या पसंतीचा स्वतंत्र वकील मिळतो, त्याचा व विम्याचा खर्च जोडप्यावर असतो, आणि गर्भ ठेवायचा की नाही यासह स्वतःच्या शरीराविषयीचे निर्णय तिचे असतात.

म्हणून आमच्या मते पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे : दुसऱ्या राज्यात उघडपणे, दोन्ही बाजूंच्या वकिलांसमक्ष व न्यायालयाच्या हुकुमाने जे होते, त्यास चोरी म्हणता येत नाही. पण राज्य निवडताना आपल्याला सर्वांत सोपे कोणते, एवढेच पाहणे पुरे नाही. त्या स्त्रीला सर्वांत अधिक संरक्षण कोठे आहे, हे पाहून निवडावे. साराय हिने नेमके तेच पाहिले नव्हते.

आपल्याकडे काय, असे वाचक विचारतील. बडोद्याच्या मंडळींना आणंद दूर नाही. परदेशी जोडपी तेथे येत असत, आणि २००८ मध्ये तेथे जन्मलेल्या ‘बेबी मांजी’चा जपानी पिता व त्याची पत्नी बाळ जन्मण्याआधीच विभक्त झाल्याने त्या तान्हीला कोणत्या देशाची म्हणावे हेच ठरेना, प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व आजी तिला जपानला घेऊन गेली. २०१५ च्या अखेरीस परदेशीयांना बंदी झाली. २५ जानेवारी २०२२ पासून संपूर्ण देशाला एकच कायदा आहे : मोबदला नाही, सरोगेट विवाहित वा विवाह झालेली, स्वतःचे मूल असलेली, पंचवीस ते पस्तीस वर्षांची, आणि आयुष्यात एकदाच, तिचा छत्तीस महिन्यांचा विमा, आणि बाळाच्या पालकत्वाचा हुकूम न्यायदंडाधिकाऱ्याकडून आधीच. तेव्हा बेळगावहून गोव्यास किंवा इंदूरहून बडोद्यास गेल्याने काही बदलत नाही. बिनमोबदल्याच्या अटीमुळे घरातल्याच गरीब नणंदेवर किंवा भावजयीवर दडपण येते का, हा प्रश्न मात्र आपल्या महिला मंडळांनी मोकळेपणाने बोलावा असा आहे. हागार घरातलीच होती.

त्या आईला आम्ही पत्राने कळविले आहे की, मुलीकडून कराराचा मसुदा मागवून घ्या, आणि बाळ आजारी निघाले तर काय, हे ज्या पानावर लिहिले असेल ते पान आधी वाचा. ती स्त्री कोण, तिला मुले किती, तिचा वकील कोणी नेमला, हेही विचारा. मग सवडीने आम्हांला पुन्हा लिहा.