गाई परत मागता येतात का?

आपल्याकडे हुंड्याची चाल सर्वांना ठाऊक आहे. मुलीच्या बापानं नवऱ्याकडच्यांना पैसा द्यायचा, तो हुंडा. १९६१ साली कायद्यानं त्याला बंदी केली, तरी चाल अजून पुरती गेलेली नाही. काही समाजांत याच्या उलट चाल होती. नवऱ्याकडचे लोक मुलीच्या बापाला धान्य, गुरं, पैसा देत. त्याला देज म्हणतात.

आफ्रिका खंडातल्या पुष्कळ देशांत आजही देज देतात. दक्षिण आफ्रिकेतले झुलू लोक त्याला 'लोबोला' म्हणतात. पूर्वी देज गाईंत देत. आता रोख पैसाही चालतो.

ही चाल कशासाठी? लेक शेतात राबते. ती सासरी गेली की माहेरचे दोन हात कमी होतात. त्याची भरपाई म्हणून गाई द्यायच्या. शिवाय देण्याघेण्यानं दोन घरं जोडली जातात. म्हणून तिकडची जाणती माणसं म्हणतात, "ही किंमत नव्हे, हा लेकीचा मान आहे." हे म्हणणं खोटं नाही.

पण यात एक अडचण आहे. ती नीट समजून घेऊ.

समजा, बापानं लेकीच्या लग्नात सहा गाई घेतल्या. पुढं मुलाचं लग्न निघालं. त्याच गाई सुनेच्या बापाला दिल्या. गोठा रिकामा झाला. इकडं लेकीला सासरी मारहाण सुरू झाली. ती माहेरी आली. नवरा म्हणाला, "बायको नांदत नाही, माझ्या गाई परत करा." आता बाप गाई कुठून आणणार? तो लेकीला म्हणतो, "बाई, तू परत जा." गाईंपायी लेक पुन्हा मार खायला जाते.

पूर्व आफ्रिकेत युगांडा नावाचा देश आहे. तिथं मिफुमी नावाची संस्था बायकांसाठी काम करते. तिनं २००७ साली कोर्टात दाद मागितली. देजाची चाल घटनेविरुद्ध आहे, असं तिचं म्हणणं होतं. २०१० साली कोर्टानं ते मानलं नाही. मग संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. ६ ऑगस्ट २०१५ रोजी निकाल लागला.

न्यायालयानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली गोष्ट : राजीखुशीनं देज द्यायला हरकत नाही. ती चाल बंद केली नाही. दुसरी गोष्ट : लग्न मोडल्यावर देज परत मागणं घटनेविरुद्ध आहे. युगांडाच्या १९९५ च्या घटनेनं नवरा-बायकोला सारखा हक्क दिला आहे. बाईनं इतकी वर्षं संसार केला, मुलं वाढवली, त्याचं मोल काहीच नाही का?

यावर लोकांत दोन मतं पडली. कुणी म्हणतं, "निम्मंच काम झालं. देज दिलं की नवऱ्याला वाटतं, बायको आपण विकत घेतली." कुणी म्हणतं, "वाडवडिलांच्या चालीत सरकारनं पडू नये."

शेजारच्या केनियानं २०१४ साली विवाहाचा कायदा केला. जिथं रीतीप्रमाणं देज लागतं, तिथं नावापुरतं थोडं दिलं तरी लग्न झाल्याचा पुरावा म्हणून ते चालतं. त्यामुळं गरिबाचं लग्नही कायद्यात टिकतं.

कायद्यानं बाईला वाट मोकळी करून दिली. पण रात्री लेक दारात येऊन उभी राहिली, तर आधी गाई आठवायच्या की तिच्या अंगावरचे वळ पाहायचे? हे कोर्ट ठरवत नाही. घरातली माणसंच ठरवतात. ही गोष्ट आफ्रिकेइतकीच आपल्यालाही लागू आहे.

शब्दांचे अर्थ
दाद मागणे – न्याय मागणे
घटना – देशाचा मूळ कायदा
राजीखुशीनं – स्वतःच्या मर्जीनं

विचार करा आणि सांगा
१. बापाला गाई परत करणं अवघड का जातं?
२. युगांडाच्या न्यायालयानं काय चालू ठेवलं? काय बंद केलं?
३. हुंडा आणि देज यांत फरक कोणता? दोन्हींत सारखं काय?