उघड्या रंगमंचासाठी वीज : जनित्र कसे निवडावे?

गोमंतकातील देवालयांच्या प्रांगणात उत्सवाच्या रात्री मराठी नाटके करण्याची प्रथा जुनी आहे. एके काळी ती गॅसबत्त्यांच्या उजेडात होत. नटाला आवाज चढवावा लागे आणि शेवटच्या रांगेतील प्रेक्षक कान देऊन ऐके. आज दिवे व ध्वनिक्षेपक यांच्यावाचून प्रयोग उभा राहत नाही. म्हणून उत्सवसमित्या, आणि मैदानावर स्नेहसंमेलन असले म्हणजे शाळाही, जनित्र भाड्याने आणतात. व्यवहारात यालाच आपण जनरेटर म्हणतो. कोणते आणावे, हा प्रश्न बहुधा ‘जरा मोठेच आणा’ एवढ्यावर मिटतो. हे उत्तर खर्चाचे आहे. शिवाय अपुरेही आहे.

प्रथम बेरीज करावी. समजा, आपल्या प्रयोगास ६० वॅटचे १० एलईडी दिवे, ५०० वॅटचे २ जुन्या पद्धतीचे हॅलोजन, ४०० वॅट घेणारी ध्वनियंत्रणा, मिक्सर वगैरेंस १०० आणि रंगपटात ७५ वॅटचे ३ पंखे लागतात. एकूण २३२५ वॅट. पाहा, दोन हॅलोजन दहा एलईडींहून अधिक वीज खातात! या बेरजेत चतुर्थांश राखीव धरावा, कारण पंख्याची मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी अधिक प्रवाह ओढते आणि ढोलाच्या थापेसरशी ध्वनिवर्धकाची मागणीही उसळते. म्हणजे सुमारे २९०० वॅट झाले. जनित्रावर मात्र आकडा पुष्कळदा के. व्ही. ए. मध्ये असतो, शक्तिगुणांक ०.८ धरून भागिले की सुमारे ३.६ के. व्ही. ए. येतात. मी कलाशाखेचा पदवीधर; गणिताशी माझे सख्य बेताचेच. तरीही एवढे जमते, मग तुम्हांस का न जमावे?

येथे ५ के. व्ही. ए. चे जनित्र पुरेसे होय. २५ चे आणल्याने नाटक अधिक रंगत नाही. उलट मोठे डिझेल जनित्र तासन्‌तास हलक्या भारावर चालले, तर इंधन पुरते जळत नाही आणि धूर व काजळी वाढते. मात्र हा हिशेब ऐनवेळी कोणी रंगपटात चहासाठी विजेची किटली लावली की कोसळतो. एकटी किटली १५०० ते २००० वॅट घेते. चहा चुलीवरच व्हावा.

शक्तीइतकाच विजेचा गुणही महत्त्वाचा. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची आणि सेकंदास ५० आवर्तनांची असते. साध्या दोन ध्रुवांच्या जनित्रास त्यासाठी मिनिटाला ३००० फेरे घ्यावे लागतात. भार एकाएकी वाढला की फेरे मंदावतात, दिवे मिणमिणतात आणि नाजूक मिक्सर बंद पडण्याचा संभव असतो. इन्व्हर्टर जातीचे जनित्र निर्माण झालेली वीज आधी एकदिश करते व मग इलेक्ट्रॉनिक मंडलाने पुन्हा स्वच्छ प्रत्यावर्ती बनविते. म्हणून त्याचे इंजिन भार कमी असताना हळू फिरू शकते आणि गडबडही कमी करते. ते महाग असते, पण छोट्या कार्यक्रमास मी तेच सुचवीन. शक्य असल्यास दोन लहान जनित्रे घेऊन एकावर दिवे व दुसऱ्यावर ध्वनी ठेवावा. एक थांबले तरी प्रयोग अगदीच बुडत नाही.

आता ठेवावे कोठे? करुण प्रसंगी इंजिनाची घरघर कोणास हवी? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबेलांनी उतरतो, तेव्हा दूर ठेवणे बरे. परंतु तार लांबली की दाब घटतो. ५० मीटर अंतरावरून १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेने १० अँपिअर नेल्यास सुमारे १८ व्होल्ट वाटेतच जातात, २.५ चौरस मिलिमीटरची तार वापरल्यास जेमतेम ७. जाड तारेचे भाडे द्यावे, पण जनित्र जवळ ओढू नये.

रंगमंचाखाली, रंगपटात किंवा बंद मंडपात तर ते कधीही ठेवू नये, मग पाऊस का येईना. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. माणूस गुंगून पडतो व मरतो. दुसरा धोका याहून अपरिचित आहे. जनित्राची तार देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीतील सॉकेटात खोचून सर्व इमारत उजळविण्याचा उद्योग काही जण करतात. ती वीज उलट वाहून बाहेरच्या तारांत शिरते, रोहित्रातून तिचा दाब वाढतो आणि खांबावर दुरुस्तीस चढलेला लाइनमन, तार निर्जीव आहे अशा समजुतीने, तिला हात लावतो. इमारतीस वीज द्यावयाचीच असेल तर जाणत्या वीजतंत्र्याकडून अदलाबदलीचा स्विच बसवून घ्यावा. जोडणीत ३० मिलिअँपिअर गळतीस तुटणारा रक्षक-स्विच हवा आणि भूसंपर्कही त्या तंत्र्याकडूनच करून घ्यावा. दवाने भिजलेल्या गवतावर अनवाणी बसलेली मुले समोर असतात.

रंगीत तालमीच्या दिवशी सर्व दिवे व ध्वनी एकदम लावून तासभर चालवून पाहावे आणि त्या तासात इंधन किती जळाले ते मोजावे. टाकी कोणत्या अंकात रिकामी होईल, हे तेव्हाच कळते. इंधन भरावयाचे ते मध्यंतरात, जनित्र बंद करून व निवू देऊन. तेवढा वेळ मध्यंतर लांबवावे.