दिवाळीची साखर आणि कोर्टाची पायरी



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण बांधाच्या भांडणात नेहमी ऐकतो. म्हणूनच वार्षिक अहवालात 'कायदेविषयक खर्च' ही ओळ दिसली की सभेत कुणीतरी उठतो आणि विचारतो, "वकिलाला एवढे पैसे कशापायी?" प्रश्न रास्त आहे. पैसा आपल्या उसाचा आहे. तेव्हा वकिलाचे कार्यालय कारखान्यासाठी नेमके काय काम करते, हे आम्ही दोन खऱ्या खटल्यांवरून सांगणार आहोत.

पहिला खटला साखरेचा. सातारा जिल्ह्यातील रेठरे बुद्रुकच्या कृष्णा सहकारी साखर कारखान्याने सभासदांना सवलतीच्या दराने साखर दिली. आयकर खात्याचे म्हणणे पडले की, बाजारभाव आणि सवलतीचा दर यांतला फरक म्हणजे नफ्याचे वाटप आहे. त्यावर कर भरा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2012 साली न्यायालयाने ते आयकर आयुक्तांकडे (अपील) परत पाठवले आणि काय तपासायचे तेही सांगितले. सवलतीच्या साखरेची ही प्रथा सहकारी साखर धंद्यात रूढ आहे काय? तिला राज्य सरकारच्या ठरावाचा आधार आहे काय? दिवाळी सोडून दरमहा साखर दिली जाते, तिचे प्रमाण कशावरून ठरते? आता बघा, आपण दिवाळीला पिशवी घेऊन रांगेत उभे राहतो, तेव्हा असा काही प्रश्न निघेल हे कुणाच्या ध्यानीमनी तरी असते काय?

दुसरा खटला त्याहून मोठा, तो उसाच्या दराचा. पूर्वी केंद्र सरकार उसाचा किमान वैधानिक दर, म्हणजे एसएमपी, ठरवीत असे. (2009 पासून त्याच्या जागी एफआरपी आली.) हंगामानंतर कारखान्याचे हिशेब पाहून, ऊस नियंत्रण आदेशाच्या कलम 5अ प्रमाणे जादा दर ठरत असे. समजा, एसएमपी टनाला 700 रुपये आणि कारखान्याने दिले 1000. खाते म्हणाले, वरचे 300 हा नफा सभासदांना वाटला. कारखाने म्हणाले, हा उसाचा दर आहे, म्हणजे आमचा खर्च आहे. ही रक्कम केव्हाच शेतकऱ्याच्या घरी पोहोचून बी-बियाण्यात, पोरांच्या शिक्षणात गेलेली. तिच्यावर कर बसला तर तो भरायचा कुठून? पुढच्या हंगामाच्या ऊसबिलातूनच की!

तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 5 मार्च 2019 रोजी निकाल दिला. न्यायालयाने दोन्ही बाजूंचे पूर्ण मान्य केले नाही. जादा दर हिशेब पाहून ठरतो, म्हणून त्यात नफ्याचा काही अंश असतो. तेवढाच अंश नफ्याचे वाटप समजावा आणि बाकीचा खर्च धरावा, असे ठरले. तो अंश किती, हे दर ठरवताना सरकारला दिलेले ताळेबंद व कागदपत्रे पाहून अधिकाऱ्याने काढावे, असा आदेश झाला.

या दोन्ही खटल्यांत एक गोष्ट सारखी आहे, ती नीट ध्यानात घ्यावी. शेवटी सर्वोच्च न्यायालयानेसुद्धा बोट दाखवले ते कागदाकडे. वकिलाचे भाषण कितीही गाजो, ताळेबंद, सरकारचा ठराव आणि दराचा तक्ता हे कारखान्याच्या कपाटातूनच यावे लागतात. खटला निम्मा तिथेच जिंकला वा हरला जातो.

मग वकील काय करतो? पहिले काम, वादाचा खरा मुद्दा शोधणे. 'कर नको' ही झाली इच्छा. 'ही रक्कम दर आहे की नफा' हा झाला मुद्दा. दुसरे, मुदत सांभाळणे. तिसरे, निकाल लागेपर्यंत वसुलीला स्थगिती मागणे, नाहीतर खाते गोठते आणि ऊसबिले अडकतात. चौथे, योग्य दार ठोठावणे. सभासद आणि संस्था यांच्यातले बहुतेक वाद कलम 91 खाली सहकार न्यायालयात जातात. यंत्रसामग्री पुरवणाऱ्याशी करारात लवादाची अट असेल तर लवादाकडे जावे लागते. ती नसेल आणि व्यापारी वाद 3 लाखांवरचा असेल, तर तो व्यापारी न्यायालयाचा. तिथे तातडीचा आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. पाचवे काम, तडजोड फायद्याची असेल तर तसे तोंडावर सांगणे. हा सल्ला देणारा वकील फी कमी घेतो असे नाही, पण कारखान्याचे पुष्कळ वाचवतो.

हीच गोष्ट आता आपल्या सातबाऱ्यावर आणून पाहू. नवी मुंबई वसवण्यासाठी 1970 पासून ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या जमिनी संपादनाखाली आल्या. शिरवणे हे त्यांतलेच एक गाव. तेव्हाच्या 1894 च्या कायद्यात नियम असा होता की, मोबदला कमी वाटत असेल तर पैसे 'हरकत राखून' घ्यावेत. तसे न लिहिता रक्कम उचलली की वाढीव मोबदल्यासाठी दाद मागण्याचा हक्क गेला. निवाड्याच्या वेळी हजर असणाऱ्याला अर्जासाठी सहा आठवडेच होते. 2013 च्या नव्या कायद्यातही हरकतीची आणि मुदतीची ही अट आहे. दोन शब्दांच्या शेऱ्यावर एका कुटुंबाचा हक्क टिकतो किंवा जातो!

सगळेच कोर्टातून मिळते असेही नाही. नवी मुंबईच्या भूमिपुत्रांना साडेबारा टक्के विकसित जमिनीचे धोरण मिळाले ते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील 1984 च्या आंदोलनानंतर. उसाच्या दरावरील कराचेही तसेच झाले. 2015 च्या वित्त कायद्याने सरकारने ठरवलेल्या वा मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम पुढच्या वर्षांसाठी खर्च धरली, आणि 2023 च्या अर्थसंकल्पाने मागील वर्षांनाही ती सवलत दिली. त्यातून सहकारी कारखान्यांना सुमारे 10,000 कोटींचा दिलासा मिळेल, असे सरकारने तेव्हा सांगितले. पण तोवर वर्षानुवर्षे अपिले जिवंत ठेवली, ती कोर्टकचेरीच्या कामानेच.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. सभेत खर्च जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा की मुदती पाळल्या का, ठरावाची भाषा तपासली का, कागद जागेवर आहेत का. आणि घरी वजनाच्या पावत्या, ऊसनोंदीचे कागद, बिले एका पिशवीत बांधून ठेवा. पायरी चढायची वेळ न येवो. आलीच तर हात रिकामे नकोत.

जय सहकार!