पानातलं आणि घड्याळातलं

मे २००९ मध्ये हापूस काढताना मी झाडावरून पडलो. कोकणात दर हंगामात कुणी ना कुणी आंब्यावरून, माडावरून, पोफळीवरून पडतं. त्या वर्षी मी पडलो. पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी, डॉक्टरांच्या भाषेत डी-१० ला, मज्जारज्जूला इजा झाली आणि बेंबीखालचं शरीर गप्प झालं. व्हीलचेअर मला चार महिन्यांत जमली. जेवण जमायला मात्र आठ-नऊ वर्षं गेली.

१. माझी भूक जुनीच राहिली होती, शरीर बदललं होतं. दवाखान्यातल्या पहिल्या तीन महिन्यांत मांड्यांचं मांस वितळून गेलं. अकरा किलो उतरले. घरी आलो तेव्हा आई माझ्या पायांकडे बघून रडली आणि दुसऱ्या दिवसापासून पानातली भाताची मूद दुप्पट झाली. वर तूप, सकाळी घावन, चार वाजता शेजारून आलेले लाडू. बागेत दिवसभर राबणाऱ्या माणसाचं जेवण मी खुर्चीत बसून जेवत होतो. दोन वर्षांत मला गाडीत उचलून ठेवताना दादाला धाप लागायला लागली. वजन करायचं तर काट्यावर उभं कसं राहणार? शेवटी सुपारीच्या वखारीतल्या मोठ्या काट्यावर खुर्चीसकट चढलो, मग रिकामी खुर्ची तोलून तिचे १८ किलो वजा केले. मी ७१ भरलो. आहारतज्ज्ञ बाईंनी ढोबळ हिशोब सांगितला: ज्याचे पाय गेलेत त्याला किलोमागे दिवसाला साधारण २८ उष्मांक, ज्याचे हातही गेलेत त्याला २३. साठ किलोच्या माणसाला १७०० सुद्धा लागत नाहीत. इंधन जाळणारे स्नायूच निम्मे झाले, तर जळणार काय? बीएमआय २२ च्या वर गेला की आमच्यासारख्यांनी जाडी समजावी, असंही त्या म्हणाल्या, कारण काट्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. हे सगळं मला तासाभरात पटलं. ‘आई, मूद लहान कर’ हे सांगायला सहा महिने लागले. तिला वाटलं, मी जगण्यातून मन काढून घेतोय.

२. अंगाने भरलेला माणूस आतून उपाशी असू शकतो. २०१३ च्या आषाढात बैठकीच्या हाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. दुखत नव्हता, दुखणं माझ्यापर्यंत पोचतच नाही. तीन आठवड्यांत त्याची खोल जखम झाली आणि मी पालथा पडून राहिलो. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी, अल्ब्युमिन कमी. बेडसोर भरायचा तर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, म्हणजे मला रोज नव्वदच्या आसपास. वहिनीने वहीत माझं पान मांडलं: भात, पातळ आमटी, भाजी, सोलकढी. बेरीज चाळीसही भरेना. तेवढ्यात श्रावण लागला. आमच्या घरी श्रावणात मासळी नाही, अंडं तर उंबऱ्याच्या आतही येत नाही. मी काही बोललो नाही. एके सकाळी मागच्या पडवीतून रॉकेलच्या स्टोव्हचा आवाज आला. आई एका जुन्या टोपात चार अंडी उकडत होती. सोलून, मीठ लावून तिने ती माझ्या उशाशी ठेवली, विहिरीवर जाऊन पुन्हा आंघोळ केली आणि देवघरात गेली. महिनाभर रोज हेच. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. जोडीला कुळथाची उसळ, डाळिंब्या, दही. जखम दिवाळीला भरली. ती अंड्यांनीच भरली असं मी म्हणणार नाही. अंगाचा भार तिच्यावरून काढला, ड्रेसिंग नेमाने झालं, हे आधी. आजही दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन मी खुर्चीतून अंग उचलतो. पण तो टोप अजून पडवीत आहे. तो मी कुणाला टाकू देत नाही.

३. लाजेपोटी पाणी सोडणं ही माझी सगळ्यात मोठी चूक. लघवी मी दर चार-पाच तासांनी नळी घालून काढतो. प्रवासात तशी जागा मिळत नाही, म्हणून चिपळूणच्या एका लग्नाआधी आदल्या संध्याकाळपासून मी पाण्याला शिवलो नाही. मांडवात सगळ्यांशी हसून बोललो, नुसता घास-दोन घास खाल्ला आणि नळीही टाळली. दोन दिवसांनी पाय आपोआप उडायला लागले. ते उडणं म्हणजेच माझ्या शरीराचं ओरडणं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मग हुडहुडी भरून ताप, गढूळ लघवी, आठ दिवस सलाईन. नंतर वाचलं की १९७२ साली मिशिगनच्या जॅक लॅपिडीस या डॉक्टरांनी स्वच्छ हातांनी, ठरावीक वेळाने नळी घालायची पद्धत मांडली. त्यांचं म्हणणं, मूत्राशय ताणून भरलेलं राहणं हेच जास्त घातक. म्हणून पाण्याला घाबरायचं नाही, ते वाटून प्यायचं. माझ्या बाटलीवर रंगाच्या रेघा आहेत: दिवसभरात दोन लिटर, रात्री आठनंतर घोटभरच. एका वेळी निघणारी लघवी पाचशे मिलिलिटरच्या आत राहिली पाहिजे. त्याहून जास्त निघाली, तर पाणी तोडण्याआधी मी नळीची वेळ अलीकडे आणतो.

४. ‘चोथा जास्त खा’ हा सल्ला सगळ्यांसाठी सारखा नसतो. मी एकदम दोन-दोन चमचे इसबगोल, सकाळ-संध्याकाळ नाचणीची भाकरी आणि वाडगाभर पालेभाजी सुरू केली. पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि चार दिवस काही हललं नाही. आमचं आतडं मुळातच संथ. त्यात चोथा ढकलला की तो साचतो. दिवसाला पंधरा ग्रॅमपासून सुरुवात करून हळूहळू वाढवायचं आणि पोट काय म्हणतं ते बघायचं, हे नंतर शिकलो. त्याहून मोठा उपयोग झाला तो वेळेचा. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं जागं होतं. म्हणून सकाळी सहाला गरम चहा आणि खाणं, वीस-पंचवीस मिनिटांनी कमोडची खुर्ची. रोज, सणावारीसुद्धा. पावसाळ्याच्या तोंडावर बरका फणस पिकतो तेव्हा गरे चार, पाचवा नाही. गेल्या वर्षी पाचवा खाल्ला आणि बँकेत खुर्चीतच व्हायचं ते झालं. घरी येईपर्यंत मी कुणाच्या डोळ्यांत बघितलं नाही.

५. तुंबलेलं पोट जिवावरही बेतू शकतं. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या काकांची इजा मानेत होती. कधी त्यांचं डोकं एकाएकी ठणकायचं, चेहरा लाल, कपाळावर घाम, रक्तदाब चढलेला. कारण बहुधा मुडपलेली लघवीची नळी किंवा तीन दिवसांचं बद्धकोष्ठ. सिस्टर धावत येऊन आधी त्यांना ताठ बसवायच्या, मग नळी बघायच्या. डी-६ किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना हा धोका असतो. म्हणून त्यांच्या घरी तर जेवणाची आणि शौचाची वेळ फारच जपावी लागते.

६. हाडांसाठी मी मनानेच कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या. इजेनंतरच्या पहिल्या वर्षात पायांवर भार नसल्याने हाडांतलं कॅल्शियम आपोआप लघवीत उतरतं आणि त्याचे खडे होऊ शकतात, हे विचारल्यावर कळलं. विचारलं मात्र खडा झाल्यावर.

७. घड्याळाने मला पंगतीतून उठवलं होतं. साडेसातला जेवायचं, आठला पाणी थांबवायचं, म्हणून कित्येक वर्षं मी एकटाच, आधी जेवून घेत असे. माजघरातून नंतर सगळ्यांच्या बोलण्याचे, ताटांचे आवाज यायचे आणि मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडलेला असायचो. कुणाजवळ बोललो नाही. एकदा धाकट्या पुतण्याने विचारलं, “काका, तू आमच्याबरोबर का नाही जेवत?” वहिनीने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी दादा बागेतून लवकर परतला, मुलांचा अभ्यास मागे सरकला, आईने सांजवात लावून लगेच तवा ठेवला. आता आमच्याकडे रात्रीची पानं साडेसातला मांडतात. माझ्या पानात भाताची मूद लहान, उसळीची वाटी मोठी, आणि आई अजूनही पळी हातात घेऊन विचारते, “थोडा भात घालू?”