रिपोर्ट चांगला आलाय, म्हणूनच

अगं, ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ आलं म्हणून फोनवर रडलीस, बरं केलंस. पण त्याच दमात ‘ताई, आता दिवसाआड गोळी घेतली तर चालेल ना?’ म्हणालीस आणि माझ्या पोटात धस्स झालं. नाही चालायचं, बाई.

रक्तात एचआयव्हीचा विषाणू सापडला नाही म्हणजे तो गेला असं नाही. काही पेशींत तो झोपून राहतो, तिथं गोळीचं काही चालत नाही. गोळी बंद केली की बहुतेकांच्यात काही आठवड्यांत तो पुन्हा रक्तात दिसतो. अधूनमधून घेतली तर आणखी वाईट, मग तो औषधालाच दाद देईनासा होऊ शकतो. आजारी असताना कुणी गोळी विसरत नाही गं, बरं वाटायला लागलं की विसरतात.

तुझी खरी अडचण मला ठाऊक आहे. सासरी बाटली ठेवायची कुठं? लेबल काढ हवं तर, मुदतीची तारीख तेवढी लिहून ठेव. पण गोळ्या दुसऱ्या डबीत ओतू नकोस, आतली ओल शोषणारी पुडीही टाकू नकोस. एसटीत पर्समध्ये खुळखुळ वाजतात ना, बाटली बाहेरून रुमालात गुंडाळ. चुकली तर आठवेल तेव्हा घे, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नकोत. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तुझ्या या गोळीसोबत उपाशीपोटी घेऊ नकोस, जेवणाबरोबर चालते.

आणि रोजच्या गोळीचा कंटाळा आलाय म्हणतेस? मीना शेषूंनी सांगलीत एचआयव्हीवर काम करणारी ‘संग्राम’ संस्था सुरू केली १९९२ साली. तेव्हा असली गोळी कुठं होती? सरकारची मोफत औषधं आली २००४ मध्ये. तोवर गेलेल्या बायकांची आठवण काढली की तुझ्या कंटाळ्याचा मला रागच येतो, खरं सांगते.

आणि भाऊजींना समजावून सांग. पुण्याची तेव्हाची ‘नारी’ ही एड्स संशोधन संस्थाही ज्यात होती त्या नऊ देशांतल्या अभ्यासात, गोळ्यांनी ज्याचा विषाणू दबलेला होता त्याच्याकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. दुसऱ्या गुप्तरोगांसाठी कंडोम लागतोच, ते वेगळं.

ओळखीचं कुणी दिसेल म्हणून गोळ्या आणायला साताऱ्याऐवजी सांगलीला जातेस, जा. फक्त पुढची तारीख सुगीत येत असेल तर कौन्सेलरना आत्ताच सांग, जास्त दिवसांच्या गोळ्या एकदम मिळतील का विचार.