गाडी आपली, नाव कुणाचे?

गावात आता बैलगाड्या कमी आणि मोटारसायकली जास्त झाल्या. नवी गाडी घेतली तर नोंदणीचे काम दुकानदारच करून देतो. आपल्याला फार धावपळ पडत नाही. जुनी गाडी घेतली तर मात्र सारे आपल्यालाच पाहावे लागते. इथेच पुष्कळ जण फसतात. पैसे दिले, किल्ली घेतली, नारळ फोडला, गाडी दारात आली. झाला व्यवहार! कागदावर नाव मात्र जुन्या मालकाचेच राहते. वर्ष जाते, दोन वर्षे जातात. मग एखादे दिवशी अपघात होतो.

असा एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. एका माणसाने आपली मोटार विकली. घेणाराने ती दुसऱ्याला विकली. अशी ती तीन-चार हातांतून फिरली. नाव कुणीच बदलून घेतले नाही. २००९ साली त्या मोटारीने अपघात झाला, एक जीव गेला. भरपाई कुणी द्यायची? २०१८ साली न्यायालयाने निकाल दिला, की सरकारी दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक. पहिल्या माणसाकडे गाडी नव्हती. तो ती चालवतही नव्हता. तरी भरपाई त्याच्याच अंगावर आली.

तेव्हा हे काम घेणाराचे जेवढे, तेवढेच विकणाराचेही आहे. किंबहुना विकणाराचे जास्त.

जमिनीचे आपल्याला बरोबर कळते. खरेदीखत झाले तरी सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत आपल्या जिवाला चैन नसते. तलाठ्याकडे चार खेपा घालतो. गाडीचा सातबारा म्हणजे नोंदणीचा दाखला. लोक त्याला आरसी म्हणतात. पूर्वी ते पुस्तक असे, आता लहानसे कार्ड मिळते. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो, तसा आरसीवर बँकेचा बोजा असतो. गाडी कर्जाने घेतलेली असेल, तर आधी बोजा उतरवावा. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला आणि बँकेची सही असलेला ३५ नंबरचा अर्ज, असे दोन कागद त्याला लागतात. "कर्ज कधीच फिटलंय हो," असे विकणारा तोंडाने सांगतो. तोंडी सांगणे या कार्यालयात चालत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाराने १४ दिवसांत कळवायचे. घेणाराने ३० दिवसांत कळवायचे, आणि तेही आपण जिथे राहतो तिथल्या परिवहन कार्यालयाला. विकणाराचा अर्ज २९ नंबरचा. ३० नंबरच्या अर्जावर दोघांच्याही सह्या लागतात. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर तिथल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला हवा. त्याचा अर्ज २८ नंबरचा. घरचा मालक वारला आणि गाडी मुलाकडे आली, तर अर्ज ३१ नंबरचा. तिथेही ३० दिवसांत कळवावे लागते.

या अर्जांवर गाडीच्या चेसिस नंबरचा छाप लागतो. हा नंबर गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासत होतो, तसेच. हा छाप पैसे देण्यापूर्वीच घ्यावा, असे आम्ही सांगू. छाप आणि आरसी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे. नंबर घासलेला दिसला किंवा एखादे अक्षर जुळेना, तर गाडी कितीही स्वस्त असो, हात जोडून परत फिरावे.

आता बरेचसे अर्ज आणि फी संगणकावरून भरतात. तालुक्याच्या सेवा केंद्रात हे काम करून मिळते. तिथे एक जपावे. अर्जात मोबाइल नंबर आपलाच घालावा. भरून देणारा कधी कधी स्वतःचा घालतो. मग कार्यालयाचे सारे निरोप त्याच्याकडे जातात आणि आपण दर वेळी त्याच्या दारात उभे!

आणि सहीचे सांगायचे राहिले. अंगठा उठवण्याचे दिवस गेले, आपल्याला सही येते, ही मोठी गोष्ट झाली. पण सही येते म्हणून कोऱ्या अर्जावर ती करू नये. अर्ज भरलेला असावा, आपण तो वाचलेला असावा, मगच सही.

कार्यालयाच्या फाटकाबाहेर एजंट भेटतात. अर्ज भरून दिला, त्याची मजुरी घेतली, यात पाप नाही. पण "आतल्या साहेबांचे वेगळे द्यावे लागतात," असे कुणी म्हणाला, की तिथून निघावे. एजंट लावलाच पाहिजे, असे कायद्यात कुठेही नाही.

खिडकीवर काय होते? बहुधा असे होते.

"साहेब, नाव बदलायचा अर्ज आहे. ही फीची पावती."

"काका, यात विमा दिसत नाही. विमा घेऊन परत या."

इथे आपण मान हलवून घरी येतो. आठ दिवसांनी विमा घेऊन जातो. मग कळते, पत्त्याचा पुरावाही चालणार नाही. पुन्हा एसटीचे भाडे, पुन्हा दिवसाची मजुरी बुडाली. त्यापेक्षा तिथेच म्हणावे, "साहेब, आणखी काय कमी आहे ते सगळं एकदाच बघा, आणि या कागदावर लिहून द्या. म्हणजे तुम्हालाही परत त्रास नको." असे गोडीने म्हटले तर पुष्कळदा लिहून मिळते. नाही मिळाले तर आपण लिहावे. तारीख, खिडकीचा नंबर, टेबलावरच्या पाटीवरचे नाव आणि काय सांगितले ते. आपल्याला लिहिता येते हे समोरच्याला दिसले, की बोलण्याची तऱ्हा बदलते.

कारकुनाला देव मानू नये आणि चोरही मानू नये. त्याच्यापुढे दिवसभर रांग असते. आरडाओरडा केल्याने आपला कागद पुढे सरकत नाही. मात्र लाचारीही नको. फी भरली आहे, कागद पुरे आहेत, मग काम होणे हा आपला हक्क आहे.

महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. कोणते काम किती दिवसांत व्हायचे, कोणत्या अधिकाऱ्याने करायचे आणि न झाल्यास अपील कुणाकडे, याचा फलक कार्यालयात लावावा लागतो. आत गेल्यावर आधी हा फलक वाचावा. मुदत उलटली, किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. विनाकारण काम अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

कुणी लाच मागितलीच, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फोन १०६४ आहे. पैसे लागत नाहीत. २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर ७ दिवसांच्या आत कळवावे, म्हणजे देणारा सुटतो. "देऊन टाका, झंझट मिटेल," हा शेजाऱ्याचा सल्ला त्यामुळे आता फार महाग पडू शकतो.

विम्याचे वेगळे काम आहे. आरसीवर नाव बदलले म्हणून विम्यावर आपोआप बदलत नाही. गाडी आपल्या नावे झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज करून तिथेही नाव बदलून घ्यावे.

कार्ड हातात पडले की खिशात घालू नका. आधी वाचा. आपले नाव, वडिलांचे नाव, गाव, गाडीचा नंबर, चेसिस नंबर. पेन्सिलचा छाप घरी ठेवला असेल, तो काढून पुन्हा ताडून पाहा. एक अक्षर चुकले असेल, तरी लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या. विकणारानेही घेणाराकडून या नव्या कार्डाची एक झेरॉक्स मागून घ्यावी आणि आपल्या घरच्या कागदांत जपून ठेवावी.